विश्वकर्म्याच्या दिवशीचा ठिपका

“मॅडम, दिसून राहिला!” मी ओरडलोच.

यंत्राच्या काचेआड लेसरचा हिरवा किरण, आणि त्यात कशालाही न टेकता एक ठिपका तरंगत होता. इरावती मॅडम तीन वर्षं याच्यामागे लागल्या होत्या. वाळूच्या कणाहून हजारपट बारीक काचेचा गोळा नुसत्या प्रकाशावर तोलायचा, भोवतीची हवा काढायची. मग म्हणे त्याला इतका हलका धक्काही कळतो, की दुसऱ्या कशाला कळत नाही. मी नरहर, रायपूरजवळच्या बीरगावचा पंप मेकॅनिक. हवा काढायचा पंप माझ्याकडे. बाकीचं डोक्यावरून जातं, पण या बाईची जिद्द बघून आपण तर बुवा हात जोडले.

पैसे मंजूर करणारे दिल्लीचे पाहुणे टाळ्या वाजवू लागले. ते हो म्हणाले तर काम पुढे, नाहीतर खोलीला कुलूप.

“बहुत बढ़िया मैडम, हो गया!” मोठे साहेब म्हणाले. “चलिए, खाना खाते हैं.”

मॅडम संगणकाच्या पडद्याकडेच पाहत होत्या. “रुकिए सर. हवा निकालने पर भी टिकना चाहिए.” मग माझ्याकडे वळून हळूच, “नरहरभाऊ, हा ठिपका वेगळाच थरथरून राहिला. वास कशाचा आहे?”

वास माझ्याच अगरबत्तीचा होता. विश्वकर्मा पूजेचा दिवस. आमच्या धंद्यात त्या दिवशी पूजेशिवाय मशीनला कोणी हात लावत नाही. सकाळी पंपाला हळदकुंकू, झेंडू, सगळं केलं. अगरबत्ती दाराबाहेर लावू का, विचारलं, तर त्याच म्हणाल्या, “लावा न भाऊ, सणाचा दिवस आहे.” यंत्राचं झाकण तेव्हा उघडंच होतं. धूर काय दार पाहून थांबतो होय!

“राहू द्या न मॅडम,” मी कुजबुजलो. “दिल्लीवाल्याइले काय समजते?”

“मले तर समजते न, भाऊ. पंप लावा.”

लावला. मन नव्हतं, खोटं कशाला सांगू? हवा उतरत गेली, ठिपका बारीक होत गेला आणि दिसेनासा झाला. काचेचा असता तर राहिला असता.

“क्या हुआ?”

“अगरबत्ती का धुआँ था, सर. मैंने ही हाँ कहा था. गलती मेरी है.”

“देखते हैं,” म्हणत साहेब जेवायला गेले. ‘देखते हैं’ म्हणजे नाही, हे रायपुरात पोट्ट्यालाही कळतं. मला रडू यायचं बाकी होतं.

पंपाच्या हादऱ्यानं झेंडू खाली पडला होता. मॅडमनी तो उचलला, फुंकर मारली, परत पंपावर ठेवला.

“दार लावा, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आता आपला काचेचा कण सोडू.”