वहीआडचे आकडे

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं नाक भलतंच वर आहे, असं माझं अकरा वर्षं ठाम मत होतं. स्वयंपाकघरात त्यांच्या पाठीमागून मीठ मागावं, तर बाई ढिम्म. समोर जाऊन मागितलं की मात्र गोड हसून द्यायच्या. मोठेपणा मिरवायची ही त्यांची तऱ्हा, असं मी नवऱ्याला रोज ऐकवायची.

आम्ही दोघी एकाच कापड कारखान्यात, मागांवर. ऐंशी माग एकदम धडधडतात तेव्हा पायाखालची फरशीसुद्धा थरथरते. तिथे ओरडून उपयोग नाही. ओठ हलवायचे, समोरचीने वाचायचे. चार माग पलीकडची बाई सासूबद्दल काय म्हणाली, ते मी तुटलेला धागा जोडता जोडता वाचते. नवी आलेली सहा महिन्यांत शिकते; नाही शिकली, तर तिला सगळ्या बातम्या शिळ्या मिळतात.

पाच वर्षांपूर्वी कारखान्यात आवाज अडवायची बुचं आली, तेव्हापासून जाऊबाईंना एक खूळ होतं. स्वतःच्या कानांत पिवळी बुचं घालायची आणि येता-जाता दुसऱ्यांच्या कानांत कोंबायची. बूच बोटांत वळून बारीक करायचं, कान वर ओढायचा, आत सरकवून ते फुगेपर्यंत बोट दाबून धरायचं. "फौजदारीण आली!" म्हणत बायका पळायच्या. मी घालून घ्यायची आणि त्यांची पाठ वळली की खिशात टाकायची. बुचांमुळे मागाचा आवाज बदललेला कळत नाही, असं मी सांगायची. खरं तर मला त्यांचं ऐकायचंच नव्हतं.

यंदा मुकादमाची जागा रिकामी झाली. आजवर ती एकाही बाईला मिळाली नव्हती. या वेळी जाऊबाईंचं नाव जवळपास पक्कं होतं. वीस वर्षं त्यांनी त्या जागेची वाट बघितली होती. अट एकच, कान चांगले हवेत. त्या निमित्ताने आम्हा सगळ्यांचीच तपासणी निघाली. डॉक्टर जेवणाच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. बाईने सहा पावलांवर उभं राहायचं, ते हळूच पाच आकडे म्हणणार, ते तिने परत म्हणायचे. एकवीसजणी आल्या, एकवीसजणी पास! मॅनेजर तर हवेतच. "बघा, कुणाच्या कानाला काही झालेलं नाही. उगाच बुचांचं लचांड!"

जाऊबाईंची पाळी शेवटची. त्यांनीही पाचही आकडे बिनचूक सांगितले.

"अभिनंदन, मुकादम!" मॅनेजर म्हणाले.

जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, एकदा वही तोंडासमोर धरून म्हणा."

मी नुसते ओठ हलवले, "अहो, आता कशाला? मिळाली ना जागा!" त्यांनी ते वाचलं आणि नजर काढून घेतली.

डॉक्टरांनी वही धरली. पहिला आकडा. जाऊबाई गप्प. दुसरा. गप्प. तिसरा त्यांनी चांगला मोठ्याने म्हटला, आपण घरात मीठ मागतो तेवढ्या आवाजात. जाऊबाई वहीच्या पुठ्ठ्याकडे बघत नुसत्या उभ्या होत्या.

मला पाठीमागून मागितलेलं मीठ आठवलं. अकरा वर्षं!

"आम्ही ओठ वाचतो, साहेब," त्या म्हणाल्या. "सगळ्याच. फसवायला नव्हे, सवयच आहे, कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या उमेदीत बुचं नव्हती, माझे कान गेले ते गेले. आता या पोरींना वहीआडून तपासा."

पुन्हा तपासलं. नऊजणी नापास झाल्या. माझे पाचातले दोन आकडे हुकले. रोज निमूटपणे बुचं घालणाऱ्या दोघींचा एकही हुकला नाही. मग मात्र चक्रं फिरली. आवाज मोजायचं यंत्र आलं, खिळखिळ्या मागांचे पत्रे आवळले गेले, दर दोन तासांनी शांत खोलीत बसायची सुट्टी मिळाली. मुकादम म्हणून बाहेरून एक माणूस आला.

एवढ्या मोठ्या मनाच्या बाईला मी शिष्ट म्हणत होते, याची मला अजून लाज वाटते.

तपासणीच्या त्या संध्याकाळी जाऊबाई चुलीपाशी पाठमोऱ्या होत्या. मी हाक मारली नाही. वळसा घालून समोर गेले.

"जाऊबाई, उद्यापासून माझ्या कानांत बुचं तुम्हीच घाला. मला नीट जमत नाही."

त्या हसल्या. "जमेल कसं? पाच वर्षं खिशातच घालतेस!"