जावईबापूंना सांगितलेला कोड

ही गोष्ट २०२२ सालची. त्या वर्षी माझ्या नातीचा, तनुजाचा, घटस्फोट झाला आणि पुनावळ्याचं सासर सोडून ती संत तुकाराम नगरला आमच्याकडे राहायला आली. आईवडील बार्शीला. ईमेलचा पासवर्ड अडला तर कोड यावा म्हणून तिने मेलला आजोबांचा मोबाईल नंबर जोडला होता. घरातलं वडीलधारं माणूस म्हणून.

चाकणच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली होती. शनिवारपासून तिचा मेल उघडत नव्हता, रुजू झाल्यावर बघू म्हणून तिने सोडून दिलं. सोमवारी कामावर रुजू व्हायला गेली, तर गेटवर तिचं नावच नाही. आतून निरोप आला, "तुम्हीच मेल केलाय ना, घरच्यांची परवानगी नाही, नोकरी नको?"

पोरगी घरी आली ती चप्पल न काढता खुर्चीत बसली. मी तिच्या आजोबांना, यशवंतरावांना, विचारलं, "तुमच्या फोनवर काही आलं होतं?"

"शुक्रवारी कोड आला होता. जावईबापूंचा फोन आला, सांगून टाकला."

"कोण जावईबापू?"

"सार्थक. तनूचे काही कागद पाठवायचेत म्हणाले. आता जावयाला नाही कसं म्हणायचं?"

"अहो, कोर्टाने नाही म्हटलं, तुम्हाला जमलं नाही?"

तनुजाने आजोबांच्या फोनवर नवा कोड मागवला आणि मेल उघडला. पाठवलेल्या मेलमध्ये नोकरी नाकारणारं ते उत्तर होतं. तिच्या नावाने, त्याने लिहिलेलं.

मी १९७३ साली भोसरीला नांदायला आले, तेव्हा माझ्या आईची आंतरदेशीय पत्रं दीर फोडायचे आणि चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा आईने लिहिलेलंसुद्धा वाचलं. मी कपबशा भरत उभी होते. पन्नास वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे. तेव्हा गप्प बसले होते. आता बसणार नव्हते. तनुजाला घेऊन रिक्षाने पुनावळ्याला गेले.

सार्थक दारात गाडी धूत होता. त्याची आई, सोजराबाई, पुढे आली. "आजी, उन्हाचं कुठं आलाव? बसा, च्या टाकते."

"चहा नको. तुझ्या लेकाने माझ्या नातीचा मेल फोडलाय."

सार्थक हसला. "आजी, मेल म्हणजे काय माहिताय का तुम्हाला?"

"दुसऱ्याचं पत्र उघडणारा कसा असतो ते माहिताय. कोड मागायला केलेला तुझा फोन ह्यांच्या मोबाईलमध्ये दिसतोय."

"तिच्या भल्यासाठीच केलं. चाकणला शिफ्ट, रात्रीबेरात्री येणं-जाणं..."

"तिचं भलं बघायला तू आता कोण रे?"

तनुजा पुढे झाली. ती म्हणाली, "चल आजी. पोलीस ठाण्यात जाऊ."

सोजराबाईचा सूर बदलला. "व्हय गं, बाईमाणसानं पोलिसात जायचं? पोराचं दुसरं जमतंय. नाव खराब व्हईल."

"मग त्या पोरीलाही सांगून ठेव," मी म्हणाले, "पासवर्ड माहेरीच ठेवून ये म्हणावं."

तक्रार दिली. यशवंतरावांना साक्षीला बसवलं. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. तक्रारीची प्रत घेऊन तनुजा पुन्हा कंपनीच्या गेटवर गेली आणि आतल्या मॅडम भेटेपर्यंत हलली नाही. तिची जागा भरली होती, पण पुढच्या महिन्यात दुसऱ्या विभागात तिला घेतलं.

सार्थकने पोलिसांसमोर माफी लिहून दिली. मी अजून त्याला माफ केलेलं नाही. त्याचं जमत आलेलं लग्न मोडलं. पुढे दुसरीकडे झालं. सोजराबाई एका हळदीला भेटली, तोंड फिरवून पंगतीत पलीकडे जाऊन बसली. यशवंतराव आता सिलेंडर आणणाऱ्यालाही कोड सांगत नाहीत, दर वेळी दारात भांडण. तनुजा चाकणलाच खोली घेऊन राहते, सुपरवायझर झाली आहे. मेलला नंबर तिचा स्वतःचा आहे. पासवर्ड मलाही माहीत नाही, आणि मी विचारतही नाही.