परत जाण्याची तारीख

कुसुमताई रजिस्टरवर पट्टी ठेवून लाल रेघ ओढत होती, तेवढ्यात फाटकापाशी सायकलरिक्षा थांबली. कलकत्त्याचे तिघे पाहुणे सकाळीच रामटेकला गेले होते, ते इतक्या लवकर परतणार नव्हते. तिने मान वर केली, तर रिक्षातून आधी मिरच्यांचं बोचकं उतरलं, मग पत्र्याची पेटी, आणि मग गुडघ्यावर हात टेकवत रुखमावहिनी.

"काहून वं कुसुम, ओळखलं नाही का मले?"

कुसुमताई धावत गेली. ती पाया पडायच्या आत वहिनीने तिला पोटाशी धरलं. आई गेली तेव्हा कुसुम सहा वर्षांची होती, आणि भिवापूरच्या घरात नुकतीच आलेली ही वहिनी सतराची. कुसुमच्या वेण्या तिने घातल्या, गोवरात मांडीवर घेऊन तीच बसली, आणि पाठवणीच्या वेळी आईने रडावं तशी तीच रडली. वहिनीचं नाव निघालं की कुसुमताईचे डोळे भरून येत. ते पाणी खरं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. पुढचं ऐकून कोणालाही शंका येईल.

चहा पिताना वहिनीने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. दादा जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा खापरखेड्याच्या वीजघरात लागला, पण त्याचं क्वार्टर एका खोलीचं आणि माणसं पाच. भिवापूरच्या रिकाम्या घरात एकटीला करमत नाही.

"तुझ्यापाशीच राहीन आता. हातपाय चालतात अजून. पाहुण्यायच्या भाकरी थापू लागीन तुले."

"राहा ना वहिनी. घर तुझंच आहे," कुसुमताई म्हणाली. मनापासून म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिची नजर रजिस्टरकडे गेली.

नवरा गेल्यापासून धंतोलीतल्या या घराच्या पुढच्या दोन खोल्या ती हिवाळ्यात सुट्टीवर येणाऱ्यांना देत असे. कोणी चार दिवस राही, कोणी आठ. संत्री खायची, रामटेक पाहायचं, अंबाझरीच्या तलावावर फिरायचं आणि कुसुमताईच्या हातचं वांग्याचं भरीत जेवून परत जायचं. त्यासाठी कार्पोरेशनचा परवाना लागे. एका वेळी चारच पाहुणे. प्रत्येकाचं नाव, गाव, यजमानाशी नातं, येण्याचं कारण आणि परत जाण्याची तारीख रजिस्टरात लिहायची. नात्यातलं माणूस तेवढं मोजायचं नाही.

या शेवटच्या सवलतीनेच मागच्या वर्षी घात केला. जबलपूरची एक बाई पाचवी म्हणून ठेवून घेतली होती, आणि नेमके तेव्हाच इन्स्पेक्टर चंपतराव तपासणीला आले. खोटं बोलायची वेळ आली तेव्हा कुसुमताईच्या तोंडावर पहिल्यांदा आली ती वहिनीच. "ही माझी भिवापूरची वहिनी," तिने बेधडक सांगून टाकलं. जबलपूरच्या बाईने हसून हात जोडले, "नमस्ते भाईसाब" म्हटलं, आणि आपल्या गाडीची वेळ हिंदीत विचारली. चंपतरावांनी गाडीची वेळ सांगितली आणि सायकल काढली. आठवड्याने लेखी ताकीद आली: पुन्हा असं आढळलं तर परवाना रद्द.

त्या परवान्यावर तिची चूल पेटत होती. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. एकेक नाव वळणदार अक्षरात, लाल रेघ मारून. आणि आता भिवापूरची वहिनी खरोखरच आली होती, तर तेच वाक्य पुन्हा उच्चारायची सोय उरली नव्हती. यातलं अक्षरही तिने वहिनीला सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी चंपतराव आले. कलकत्त्याची मंडळी महाराजबागेत गेली होती. वहिनी अंगणात खाटेवर मिरच्या पसरून देठं खुडत बसली होती, अगदी जन्मभर याच अंगणात बसत आल्यासारखी.

चंपतरावांनी सायकल कुंपणाला टेकवली आणि खाटेकडे पाहिलं.

"या कोण, कुसुमताई?" त्यांच्या मिशीत हसू होतं. "मागच्या साली तुमची भिवापूरची वहिनी आली होती. यंदाही वहिनीच का?"

माणूस वाईट नव्हता, थट्टाच करत होता. पण कुसुमताईची पाचावर धारण बसली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "पाहुण्या आहेत. चौथ्या. नोंद करायची राहून गेली, आत्ता करून देतो."

देठं खुडणारा हात थांबला.

तिने रजिस्टर आणून ओट्यावर उघडलं. रुखमाबाई. भिवापूर. नात्याच्या रकान्यापाशी पेन क्षणभर घुटमळलं, मग तिने लिहिलं, 'नाही'. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

चंपतरावांना काय वाटलं कोणास ठाऊक. ते खाटेजवळ गेले.

"आजी, खरं सांगा. नात्यातल्या असाल तर लिहायची गरजच नाही. यांच्या कोणी लागता का तुम्ही?"

वहिनीने कुसुमताईकडे पाहिलं. कुसुमताई रजिस्टरकडे पाहत होती. एक हाक मारायची, "वहिनी" एवढंच म्हणायचं. चंपतराव हसले असते, फार तर चार प्रश्न विचारले असते. हे तिला पुढे हजारदा कळलं.

"नाही साहेब," वहिनी म्हणाली. "दवाखान्याच्या कामाले आली होती. जागा भेटली, थांबली."

"मग परत कधी जाणार? तारीख लिहावी लागते."

वहिनीने बोटाला लागलेलं मिरचीचं बी पदराला पुसलं.

"उद्याची लिहा, ताई," ती कुसुमताईला म्हणाली.

कुसुमताईने लिहिली.

चंपतराव गेल्यावर ती खाटेपाशी जमिनीवर बसली. "काय करू वहिनी, तो परवाना गेला असता तर…"

"समजलं मले. माह्या नावानं दुसरीच कोणी ठेवून घेतली होती तू." वहिनीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात मिरचीचा होता, म्हणून लगेच काढून घेतला. "डोये नको चोळू, झोंबतीन."

"खोडून टाकतो ती तारीख. आत्ता जाऊन सांगतो त्याले."

"जाशील तर जा," वहिनी म्हणाली, आणि राहिलेल्या मिरच्या खुडू लागली.

कुसुमताईने लुगडं बदललं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेली. तेवढ्यात कलकत्त्याची मंडळी परत आली, त्यांना जेवायची घाई होती. ती आत वळली. संध्याकाळी जाऊ म्हणाली, आणि संध्याकाळी कार्पोरेशनचं ऑफिस बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पेटी घेऊन बसस्टँडवर निघाली. खुडलेल्या मिरच्या तिने बरणीत भरून फळीवर ठेवल्या होत्या. बसच्या खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "जेवत जा वं वेळेवर."

संक्रांतीला कुसुमताईने पत्र टाकलं: आता ये, खोल्या रिकाम्या आहेत. उत्तर खापरखेड्याहून मुलाचं आलं. आई इथेच आहे, स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. 'तुमच्याकडे नियमाची अडचण असते असं ती सांगते. काळजी करू नये.'

फेब्रुवारीत चंपतराव हंगामाची शेवटची तपासणी करायला आले. पानं उलटत त्यांनी मान डोलावली.

"आता कसं! एक खोट नाही. आमच्या साहेबाले दाखवायसारखं रजिस्टर आहे."

कुसुमताईने चहा पुढे केला. सही करून त्यांनी पेनाला टोपण लावलं, आणि जरा ओशाळून विचारलं,

"रागावू नका, पण केव्हाचं मनात आहे. भिवापूरले तुमची खरंच कोणी वहिनी आहे का हो?"

"होती," कुसुमताई म्हणाली.

चंपतरावांनी हळहळून डोक्यावरची टोपी काढली, आणि तिने ती काढू दिली.