विटकोम साहेबांचा घोडा

प्रकरण पहिले : जन्म.
'रेव्हरंड एझ्रा विटकोम १८२१ साली अमेरिकेत एका बाप्तिस्ट घरात जन्मले.' सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, मिशनच्या तंबूत, पितांबर मास्तर स्टुलावर उभे राहून वाचत होते. ऐकायला मिशनचा आचारी आणि एक कुत्रे. विटकोमांचे नातू हॉलिस साहेब यांनी बजावले होते : आजोबांच्या चरित्राला पन्नास माणसे बसली, तर शहाद्याच्या शाळेचे हेडमास्तर तुम्ही. नाहीतर सुरतेहून माणूस मागवू.

प्रकरण दुसरे : कॉलेजचे अध्यक्षपद.
वगळले. त्याऐवजी मास्तरांनी तंबूबाहेर फोटो उंच धरला : काळ्या कोटातले अध्यक्ष विटकोम, घोड्यावर.

तंबू भरला. अध्यक्षांकडे कुणी पाहीना. घोडे पारखणाऱ्या उखा पाटलांनी फोटो नाकाशी नेला.
"मास्तर, घोडाना डोयाखाल भवरा शे. ह्याना मालक रडस."
"केस आहेत ते, पाटील. फिरतात गोल. चरित्र ऐका."
"वाचा ना. काय व्हयनं ते सांगा."

प्रकरण तिसरे.
'पहिली पत्नी तापाने गेली.'
"गई," पाटलांनी मागच्यांना कळवले.

प्रकरण चौथे.
'कॉलेज आगीत जळाले.'
"जळनारच."

प्रकरण पाचवे : देवाची कृपा. पाने पंधरा.
"तो घोडा इका का नही?" मागून कुणीतरी विचारले.
मास्तरांनी पंधराही पाने उलटली. विकला नव्हता. सोळाव्या पानावर, बाप्तिस्म्याला माणूस पाण्यात किती बुडवावा यावरून भांडण होऊन चर्चने अध्यक्षांना काढून टाकले होते. सगळा तंबू हळहळला.

प्रकरण शेवटचे. पुस्तकात नाही.
हॉलिस साहेब आले. दोनशे माणसे आजोबांसाठी हळहळताना पाहून त्यांना भरून आले. शहाद्याची शाळा तुमची, ते म्हणाले. आणि खेड्यांतल्या शाळा तपासायला माझी घोडीही तुमची.

दर रविवारी अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या मास्तरांनी हात जोडले. मग लगाम धरून घोडीचे तोंड हळूच उजेडाकडे वळवले. डाव्या डोळ्याखाली केस गोल फिरले होते.
"काय पाहता?"
"काही नाही, साहेब. शाळा घेतो. घोडी तुमच्याकडेच शोभते. मी पायी फिरेन."
साहेब अजून डोळे पुसत होते.