दोन देऊळवाड्या

"जितूदादा, माज्या यादीत ही दुसरी हौसाबाई खंयसून इली?" अक्षया फोनवर हसत होती. ती वैभववाडीकडच्या केंद्रातली नर्स. जितेंद्र कट्टा गावाजवळच्या मुख्य दवाखान्यात कम्प्युटर सांभाळायचा. ट्रस्ट एकच, कम्प्युटर सांभाळणाराही एकच.

"दुसरी म्हंजे?"

"हौसाबाई परब, देऊळवाडी. दोनदा आसा. एकीचो इन्सुलिनचो डोस बघ, आणि दुसरीचो बघ. चौपट!"

जितेंद्रही हसला, आणि हसता हसताच त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

चूक दुसऱ्या कुणाची असती तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. पूर्वी दवाखान्यात हजेरीला एक पासवर्ड, औषधांना दुसरा, रुग्णांच्या माहितीला तिसरा. जितेंद्रने सगळ्यांना मिळून एकच लॉगिन करून दिलं. सकाळी एकदा नाव घातलं की सर्व्हर मोबाईलला टोकन देणार. टोकन म्हणजे दिवसभराचा पासच. माणूस कोण, हुद्दा काय, एवढं त्यात लिहिलेलं. बाकीची ॲप्स ते वाचतात आणि मुकाट दार उघडतात. पण घरोघरी जाऊन सुया देणाऱ्या नर्सना त्यामुळे अख्ख्या ट्रस्टची लांबलचक यादी दिसू लागली. मग जितेंद्रने टोकनमध्ये स्वतःच्या डोक्याने आणखी एक रकाना घातला: वाडी. ज्या वाडीची नर्स, त्या वाडीचेच रुग्ण. डॉक्टरांनी पाठ थोपटली, आणि गडी आठवडाभर जमिनीपासून वीतभर वरून चालत होता.

देऊळवाडी म्हटलं की त्याला स्वतःची देऊळवाडी आठवायची. तिथेच तो वाढलेला. ज्या गावात देऊळ त्या गावात देऊळवाडी, हे कोकणात शेंबडं पोरही जाणतं. पण रकाना घालताना गाव लिहायला हवं हे काही ह्या शहाण्याला सुचलं नाही, आणि दोन गावांच्या देऊळवाड्या एकाच यादीत आल्या. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आणि त्याच्या देऊळवाडीतल्या हौसाबाईंची साखर मागेच एकदा खाली गेली होती आणि त्या न्हाणीघरात पडल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टरांनी डोस पार कमी केला होता. नेहमीची नर्स त्यांना ओळखायची, पण ती रजेवर. आज तिच्या जागी सुगंधा जाणार होती, त्या वाडीत पहिल्यांदाच. तिच्याही यादीत दोन हौसाबाई असणार.

त्याने फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. देऊळवाडी खाली वहाळाला, म्हणजे ओढ्याला लागून, तिथे रेंज कसली येते? त्याने सर्व्हरवरची यादी बंद केली, पण उपयोग शून्य. सकाळीच ती सुगंधाच्या मोबाईलमध्ये उतरली होती. त्याने लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटरला किक मारली. लहानपणी शाळेतून येताना ह्याच हौसाबाई त्याला हाक मारून फणसाचे गरे द्यायच्या. रस्ताभर त्याला दुसरं काही सुचेना. देवा महाराजा, एवढं एक सांभाळ.

सुगंधा हौसाबाईंच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पायरीवर बसली होती. बॅग बंद होती.

"दिलंस?" त्याने स्कूटरवरूनच विचारलं.

"खंय देतंय? म्हातारीचो पत्तोच नाय! शेजाऱ्यांची गाय व्याली, ती बघूक गेलीहा. मगाधरना वाट बघतंय. आणि तुका काय झाला? घामान न्हाललंस!"

जितेंद्रचा जीव भांड्यात पडला. तो तिथेच मातीत बसला आणि खुळ्यासारखा हसू लागला. सगळं ऐकल्यावर सुगंधाने मोबाईल काढून बघितला. तिचा चेहरा उतरला.

"मी वरचीच धरली असती रे," ती हळूच म्हणाली. वरच्या हौसाबाईचा डोस चौपट होता.

दोघं वाडीच्या वर, कातळाच्या सड्यावर चढली. तिथे रेंज होती. करवंदीच्या जाळीपाशी बसून जितेंद्रने टोकनमध्ये गावाचा रकाना घातला, नर्सच्या नावापुढे आणि रुग्णांच्या नावापुढे गाव आहे ना ते तपासलं, आणि सकाळपासून दिलेली सगळी टोकनं रद्द केली. सुगंधाने नव्याने लॉगिन केलं. यादीत एकच हौसाबाई, डोस कमी केलेला. मग त्याने डॉक्टरांना फोन करून डोस विचारला. मग अक्षयाला फोन करून तिच्याकडेही एकच उरली ना, ते विचारलं.

दोघं खाली आली तर हौसाबाई चुलीवरची पेज ढवळत होत्या.

"पाडी झाली गो! कपाळार चांदो आसा," त्या म्हणाल्या. तपासणी झाली, सुई टोचली. त्या आपल्या त्या कालवडीचंच सांगत होत्या. मग त्यांचं जितेंद्रकडे लक्ष गेलं. "आणि तू रे झिला? एका सुयेक दोघां कित्याक?"

सुगंधा बॅग आवरू लागली. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण जितेंद्रला राहवेना.

"काकी, माजी चूक झाली. तुज्या नावाफुडे गाव घालूक इसारलंय."

"इतक्याच? मगे घाल," हौसाबाई म्हणाल्या. "मी खंय पळान चल्लंय?"

जितेंद्रने मान फिरवली. त्याचे डोळे भरून आले होते. हौसाबाईंनी त्याच्यापुढे पेजेची वाटी सरकवली, कडेला लोणच्याची फोड ठेवली, आणि स्वतःची वाटी घेऊन शेजारी जेवायला बसल्या.