ओळखीचा शब्द

पत्राची कच्ची प्रत नवऱ्याच्या हातात होती आणि तो शेवटच्या ओळीवर अडला होता. तिनं काचा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"थांबलास का? वाच ना पुढे."

"पुढे काही नाहीच आहे. हे असंच्या असं पोस्टात टाकलंस?"

"मागच्या सोमवारी. कौतुक करायचं असेल तर मोकळेपणानं कर."

कौतुक करण्यासारखं होतंच. दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासायचे, चष्म्याचे नंबर काढायचे आणि दुकानाचं शटर ओढलं की स्पॅनिशच्या वर्गाला पळायचं, असं तिनं आठ महिने केलं होतं. कशासाठी, तर सासूबाईंना पानभर पत्र लिहिता यावं म्हणून. लग्नाला दोन वर्षं झाली तरी सासूबाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या समुद्रापलीकडे, नवऱ्याच्या मूळ देशात राहायच्या आणि त्यांना फक्त स्पॅनिश यायचं. दर रविवारी दुपारी लेकाला फोन करायच्या, जेवलास का, झोपलास का विचारायच्या आणि सुनेचा विषय निघाला की फोन ठेवून द्यायच्या. त्यांचं म्हणणं एकच होतं आणि ते त्यांनी लग्नाआधीच सांगून टाकलं होतं: ही पोरगी टिकायची नाही.

पत्रात नवऱ्याची मदत घ्यायची नाही, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. लेकानं सांगून लिहिलेलं पत्र आईनं पहिल्याच ओळीत ओळखलं असतं. तिनं आधी इंग्रजीत लिहून काढलं, मग शब्दकोश घेऊन बसली. 'मी' आणि 'तुम्ही'सुद्धा कोशात बघून घेतले. पाव नंबरची चूक खपवून न घेणारी बाई ती.

"शेवटचं वाक्य मोठ्यानं वाच," नवरा म्हणाला.

तिनं वाचलं. उच्चार झकास होते.

"यातलं हे 'आक्तुआलमेन्ते' कुठून आणलंस?"

"कुठून म्हणजे? अ‍ॅक्चुअली. मी अ‍ॅक्चुअली तुमच्या मुलावर प्रेम करते. खरंच करते. अ‍ॅक्चुअली, आक्तुआलमेन्ते."

"कोशात पाहिलंस?"

तेवढा एकच शब्द पाहिला नव्हता. तो दिवसातून पन्नासदा तिच्याच तोंडात असायचा. अ‍ॅक्चुअली तुमचा डावा डोळा जरा कमी आहे, अ‍ॅक्चुअली ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही, अ‍ॅक्चुअली मी आत्ताच जेवले. इतक्या ओळखीच्या शब्दाला कोण कशाला शोधायला जातं?

"त्याचा अर्थ 'सध्या'," तो म्हणाला. दोघं एरवी आपसात इंग्रजी बोलत, पण हा शब्द त्यानं तिच्याकडून शिकलेल्या मराठीत सांगितला, पुन्हा गोंधळ नको म्हणून. "सध्या मी तुमच्या मुलावर प्रेम करते."

टिकायची नाही म्हणणाऱ्या बाईला आपण हे लिहून पाठवलं, स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून.

"हसलास तर बघ," ती म्हणाली.

त्यानं ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायचे ते हललेच.

तिनं ताईला फोन लावला. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग पोट धरून हसली.

"सध्या? अगं, निदान 'तूर्तास' तरी लिहायचंस. जरा वजन आलं असतं."

"ताई, इथे माझा जीव जातोय."

"मग दुसरं पत्र पाठव."

"दुसरं पोचेपर्यंत त्यांचं पहिलं पाठ झालेलं असेल."

"तर मग तोंडानं सांग. नवऱ्याला पुढे करू नकोस. घोळ तू घातलास, तूच निस्तर."

ताईचं हे बरोबर होतं आणि तिलाही ते पटलं. तिनं कोश उघडला. 'खरंच'साठी 'दे वेर्दाद' होतं. या वेळी तिनं ते दोन कोशांत पाहिलं आणि आठवडाभर गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात घोकलं. जमणार नाही असं तिच्या मनातही आलं नाही. फक्त रविवार लवकर येत नव्हता.

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा नवरा उठायच्या आत तिनं तो उचलला.

"आई, मी बोलतेय. फोन ठेवू नका."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही.

"माझं पत्र पोचलं?"

"पोचलं."

"त्यात एक शब्द चुकलाय. शेवटच्या ओळीत. मला 'सध्या' म्हणायचं नव्हतं. 'खरंच' म्हणायचं होतं. दे वेर्दाद."

"म्हणजे चुकून लिहिलंस."

"चुकून. ओळखीचा वाटला, म्हणून अर्थ बघितला नाही."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग सासूबाई सावकाश बोलू लागल्या, सुनेला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत.

"याच्या वडिलांनी मला बारा पत्रं लिहिली. प्रत्येकाच्या शेवटी 'कायम'. त्यांची भाषा फार शुद्ध, एक चूक सापडायची नाही. हा रांगायला लागला त्या महिन्यात ते गेले. वारले नाहीत, निघून गेले."

घोकलेल्या वाक्यांपैकी एकही इथे चालणारं नव्हतं. नवरा दारात उभा राहून खुणेनं विचारत होता, काय म्हणतेय ती?

"तर मग सांग," सासूबाई म्हणाल्या. "सध्या?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं शर्टाची बटणं खालीवर लावली होती आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा केला होता.

"हो," ती म्हणाली. "सध्या, हो."

"बरं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारीन."