खोडलेली ओळ

"मोठ्यानं वाचा, मागे ऐकू जात नाही," वकील संघाचे अध्यक्ष म्हणाले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

साहेबांच्या शोकसभेचा ठराव माझ्या हातात होता. सात वर्षं मी त्यांची ज्युनिअर, म्हणून वाचायचं मी. समोर शंभरेक काळे कोट. पहिल्या रांगेत न्यायाधीश, आणि साहेबांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते.

ठराव अध्यक्षांनीच लिहिलेला. साहेब तरुणपणी सैन्यात होते, लढाईत पायाला गोळी लागली, मग चाळीस वर्षं वकिली. इथवर सगळं बरोबर. पुढच्या ओळीशी मी अडखळले. 'भय म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.'

साफ खोटं. उलटतपासणी असली की साहेब आधी संडासात जाऊन ओकून यायचे. हात इतके कापायचे की गळ्याचा पांढरा बँड मी बांधून द्यायची. माझ्या पहिल्या केसला माझी बोबडी वळली, तेव्हा म्हणाले होते, "अगं, तीन दिवस खंदकात रडत होतो मी. चौथ्या दिवशी रडत रडतच बाहेर पडलो. भीती वाटू दे, फक्त उभी राहा."

आणि प्रतिज्ञापत्रात एखादी ओळ खोटी निघाली, की अशील कितीही चिडो, ती खोडून शेजारी सही करायला लावायचे.

पण अध्यक्षांना दुखवून या कोर्टात माझं कसं निभावणार? त्याहून भीती काकूंची. आठ दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला हे ऐकवायचं?

मी पेन काढलं. ओळ खोडली, शेजारी सही केली.

"साहेब फार घाबरायचे," मी म्हणाले. आवाज चिरकला. "रोज घाबरायचे आणि रोज कोर्टात उभे राहायचे."

उरलेला ठराव कसाबसा वाचून मी खाली आले. अध्यक्ष माझ्याकडे बघेनात. काकूंनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तशी मी तिथे बसले.

"कोटाची बटणं घरून मीच लावून द्यायचे," त्या हळूच म्हणाल्या. "चाळीस वर्षं कुणाला कळू दिलं नाही."

मी ठरावाच्या कागदाची घडी घातली.

"येत जा घरी," त्या म्हणाल्या. "आता कुणाशी तरी बोलता येईल."